किक मारायची घाई करू नका

पत्र

माझे वडील जत तालुक्यात ग्रामसेवक होते. १९७६ सालची येझदी मोटरसायकल त्यांनी एका ओळखीच्या माणसाकडून घेतली आणि निवृत्त होईपर्यंत तिच्यावरच सगळी गावं केली. गुडघे गेले तेव्हा, म्हणजे नऊ वर्षांपूर्वी, त्यांनी ती गोठ्याच्या कडेला ताडपत्रीखाली लावली. गेल्या वर्षी ते गेले. वर्षश्राद्ध दोन महिन्यांवर आलंय. त्या दिवशी गाडी अंगणात चालू व्हावी असं मला फार वाटतं. किक खाली जात नाही. धाकटा भाऊ म्हणतो, नवी बॅटरी टाकू आणि उतारावर ढकलून दुसऱ्या गिअरला चालू करू. पुढे तिची टाकी, सीट बदलून तिला नव्या फॅशनची करायचं त्याच्या मनात आहे. एका मेस्त्रींनी गाडी न बघताच ‘इंजिन पूर्ण खोलावं लागेल, रंग-क्रोम सगळं नवं करू’ म्हणून मोठा आकडा सांगितला. भंगारवाला दर आठवड्याला विचारून जातो. मला हे काम घरी, माझ्या हातांनी करायचंय. मी शाळेत विज्ञान शिकवते. सायकलचं पंक्चर सोडून आजवर काही दुरुस्त केलेलं नाही. जमेल का?

— एक वाचक, मिरज

उत्तर

नमस्कार.

जमेल. विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला तर नक्की जमेल, कारण या कामात ताकदीच्या आधी नीट बघण्याची सवय लागते. पण पुढचं वाचण्यापूर्वी भावाला हाक मारा आणि सांगा की गाडी उतारावर न्यायची नाही. किकवर उभं राहायचं नाही, आल्यागेल्या पाहुण्याला ‘एकदा मारून बघ’ म्हणायचं नाही. इंजिनात काय झालंय हे कळेपर्यंत ते जबरदस्तीने फिरवायचं नाही.

कारण सांगतो. तुमची गाडी टू-स्ट्रोक आहे. तिच्यात पेट्रोल आणि ऑइल एकत्र मिसळून क्रँकच्या (पिस्टनखालच्या फिरत्या दांड्याच्या) घरातून वर जातं. गाडी उभी राहिली की पेट्रोल उडून जातं आणि ऑइलचा चिकटा मागे राहतो. बोअर, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो ते सिलिंडरचं भोक, बिडाचा. पिस्टनवरच्या रिंगाही बिडाच्या. नऊ पावसाळ्यांच्या दमट हवेत त्यांनी एकमेकांना गंजाने धरलेलं असणार. अशा वेळी ढकलून गिअर टाकला की मागच्या चाकाचा सगळा जोर त्या रिंगांवर येतो. रिंग तुटते, तिचा तुकडा पोर्टच्या, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतल्या हवा-धुराच्या वाटेच्या, खिडकीत अडकतो आणि बोअरला खोल ओरखडा पाडतो. जिथे थोडं डिझेल आणि आठवडाभराची वाट पुरली असती, तिथे नवा पिस्टन आणि लेथवाल्याचं बिल येतं.

हे मी भोगलंय. १९९४ च्या दिवाळीत माझ्या मामांची सहा वर्षं बंद असलेली जावा, म्हणजे येझदीचीच आधीची गाडी, मी अशीच धक्का मारून चालू केली. ती चालू झाली, धूर झाला, आळीतली पोरं गोळा झाली, आणि मी तिला थेट कराडच्या रस्त्याला काढली. दहा-बारा किलोमीटरवर मागचं चाक एकदम जाम झालं. हात क्लचवर होता म्हणून पडलो नाही. उघडल्यावर दिसलं की क्रँकच्या उजव्या बाजूचं ऑइल सील, म्हणजे फट बंद करणारी रबरी कडी, वाळून कडक झालं होतं. तिथून इंजिन भलतीच हवा ओढत होतं, पेट्रोल आणि त्याबरोबरचं ऑइल कमी पडत होतं, आणि पिस्टन तापून बोअरला घासला होता. त्या सिलिंडरला आधीच इतक्यांदा बोअर मारून, म्हणजे आतून कापून मोठं करून, झालं होतं की पुढचं माप शिल्लक नव्हतं. मामा काही बोलले नाहीत. किल्ली तेवढी परत घेतली.

मेस्त्रींचं म्हणणं कदाचित खरंही ठरेल. पण इंजिन पूर्ण खोलायचं की नाही हे बघितल्याशिवाय ठरत नाही, आणि बघण्याचा भाग घरी करता येतो. मोटरसायकल म्हणून ही फार सरळ रचनेची आहे. इंजिनात व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही. एक पिस्टन, एक कनेक्टिंग रॉड, एक क्रँक. ६५ मिलिमीटरचा बोअर आणि ७५ मिलिमीटरचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खालीची चाल. आकारमान काढून बघा, २४९ घनसेंटिमीटरच्या आसपास येईल. या गाडीला ‘अडीचशे’ म्हणतात ते त्यामुळे.

मूळ गाडी चेकोस्लोव्हाकियाची. फ्रांटिशेक यानेचेक यांनी १९२९ मध्ये प्रागला ही कंपनी उभी केली. त्यांच्या नावातला ‘या’ आणि वाँडरर या जर्मन गाडीच्या नावातला ‘वा’ मिळून झालं ‘यावा’, आपण म्हणतो जावा. म्हैसूरला इराणी कुटुंबाने १९६१ मध्ये आयडियल जावाचा कारखाना सुरू केला, सत्तरच्या दशकात गाडीचं नाव येझदी झालं आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. एवढ्या वर्षांत इंजिनाचा गाभा फारसा बदलला नाही, म्हणून जुन्या जावाचे पुष्कळ भाग तुमच्या येझदीला बसतात आणि अजून मिळतात. पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी आणि बुधवारी धीराने फिरलात तर डायनामोपासून मडगार्डच्या पट्टीपर्यंत काहीही हाती लागू शकतं. मात्र २०१८ नंतर जावा आणि २०२२ नंतर येझदी या नावांनी ज्या गाड्या पुन्हा आल्या त्या फोर-स्ट्रोक, पाण्याने थंड होणाऱ्या. त्यांचा सुटा भाग ‘येझदीचाच आहे’ म्हणून कुणी विकायला लागला तर घेऊ नका.

आता कामाकडे. पहिल्यांदा गाडी गोठ्यातून हलवा. जनावरांच्या मुतातून अमोनिया सुटतो आणि तो तांब्या-पितळेला खातो. वायरिंग, कार्बोरेटरचे (पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या भागाचे) बारीक भोकांचे जेट, बॅटरीची टोकं यांवर हिरवट थर दिसला तर तो नुसत्या पावसाचा नाही. गाडी पडवीत, कोरड्या आणि वारा खेळणाऱ्या जागी घ्या. चाक फिरत नसेल तर फरफटत ओढू नका. ब्रेकचे शू ड्रमला चिकटले असतील. ब्रेकचा दांडा हाताने मागे ओढून, ड्रमवर लाकडी ठोकळ्याने हलकं ठोकलं की बहुतेक सुटतात.

मग एक आठवडा, शेवटी सांगतो तो एक बोल्ट सोडला तर, पाना हातात घ्यायचाच नाही. मोबाइलवर फोटो काढा. प्रत्येक वायर कुठून कुठे जाते, केबल कोणत्या बाजूने वळते, कोणत्या बोल्टखाली किती वायसर आहेत, बॅटरीचं कोणतं टोक चासीला जोडलंय, सगळं. तुमच्या वडिलांनी चाळीस वर्षांत केलेल्या दुरुस्त्याही दिसतील. कुठे सायकलच्या ट्यूबचं पॅकिंग असेल, कुठे तारेने बांधलेली पट्टी असेल. ते लगेच काढून फेकू नका. त्यांनी ते का केलं असेल हे कळलं की गाडीचा जुना आजार कळतो.

याच आठवड्यात कागद काढा. इंजिन नंबर आणि चासी नंबर आरसी बुकाशी जुळतात का बघा. ते नंबर घासायचे नाहीत, त्यांवर रंगाचा थर चढू द्यायचा नाही. मालक गेल्यावर वारसाच्या नावावर गाडी करण्यासाठी आरटीओत फॉर्म ३१ असतो. तो तीन महिन्यांत द्यायचा असतो. तुम्हाला उशीर झालाय, दंड भरावा लागेल, पण काम होतं. नोंदणीची मुदतही संपलेली असणार. पंधरा वर्षांनंतर ती दर पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. भावाला आणखी एक सांगा: २०२१ पासून केंद्राच्या नियमांत, पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुन्या झालेल्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी आहे आणि जुना नंबरही ठेवता येतो. अट अशी की गाडी मूळ रूपात असली पाहिजे, चासी, बॉडी, इंजिनात मोठे फेरफार नकोत. टाकी, सीट बदलून नवी फॅशन केली की तो दरवाजा बंद. अशी नोंदणी केलेली गाडी रोजच्या वापराला मात्र चालत नाही. बाजारहाटाला न्यायची असेल तर साधी नोंदणीच वाढवा.

हत्यारं थोडी पण चांगली घ्या. रिंग पाने आणि बॉक्स पाने, बोथट न झालेले दोन-तीन स्क्रूड्रायव्हर, ठोकून फिरवायचा एक इम्पॅक्ट स्क्रूड्रायव्हर, फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), आणि क्लचसाठी या गाडीचा खास पुलर (भाग ओढून काढायचं हत्यार). साध्या फिक्स पान्याने गंजलेला नट सोडवायला गेलात की त्याचे कोपरे गोल होतात. आटे अडकलेल्या प्रत्येक नटावर आदल्या रात्री गंज सोडवणारं ऑइल टाका आणि सकाळी या. नट थोडा सुटला की पूर्ण सोडवायची घाई नको. पाव वळसा सोडा, परत थोडा आवळा, परत सोडा. तुटलेला स्टड (नट बसतो तो आट्यांचा दांडा) काढण्यात जे दोन दिवस जातात त्यापुढे ही पाच मिनिटं काहीच नाहीत. सुटे भाग धुवायला डिझेल वापरा. पेट्रोलने धुण्याची सवय अनेक गॅरेजांत आहे. घरी ती अजिबात नको, विशेषतः पडवीशेजारी चूल किंवा गॅसचा बंब असेल तर.

आता अडकलेला पिस्टन. प्लग काढा आणि त्या भोकातून गंज सोडवणारं ऑइल किंवा डिझेलमध्ये थोडं टूटी (टू-स्ट्रोकच्या पेट्रोलमध्ये घालायचं ऑइल) मिसळून अर्धी वाटी ओता. चिंधीने भोक झाका आणि गाडीला विसरा. तीन दिवसांनी उजवीकडचं कव्हर काढा, आत डायनामोच्या मधोमध बोल्ट दिसेल. त्याला पाना लावून आवळण्याच्या दिशेने हलका दाब द्या. नुसता दाब, झटका नाही. हललं नाही तर अजून ऑइल, अजून तीन दिवस. किक वापरायची नाही हे परत सांगतो, कारण या गाडीत किकचा आणि गिअरचा दांडा एकच आहे. किकवर जोर करून त्याचे दाते गेले तर गाडी चालू होणार नाही आणि गिअरही पडणार नाही. पंधरा दिवसांत बहुतेक वेळा पिस्टन केसभर तरी हलतो. एकदा हलला की दोन्ही दिशांना थोडा थोडा करत मोकळा होतो.

मोकळा झाला तरी चालू करायचं नाही. हेड आणि सिलिंडर उतरवून बघायचं. हेडचे चार नट आलटून पालटून, समोरासमोरचे, थोडे थोडे सैल करा, नाहीतर अॅल्युमिनियमचं हेड वाकतं. सिलिंडर वर उचलताना पिस्टन बाहेर यायच्या आधी क्रँकच्या तोंडात स्वच्छ कापड कोंबा. पिस्टनच्या पिनेच्या दोन्ही टोकांना बारीक सर्कलिप (पिन जागेवर धरणाऱ्या स्प्रिंगच्या कड्या) असतात. त्यातली एक उडून आत पडली तर खरोखरच इंजिन पूर्ण खोलावं लागेल. जुन्या सर्कलिप पुन्हा वापरायच्या नाहीत. त्या अगदी स्वस्त मिळतात.

बोअरला बोट लावा. नख अडकेल असा ओरखडा किंवा गंजाचा खड्डा असेल तर लेथवाल्याकडे जावं लागेल. कोल्हापूरचं उद्यमनगर तुम्हाला जवळ आहे. तिथे बोअर मारणारे जुने कारागीर मिळतात. आधी पिस्टन विकत घ्या, तो हातात देऊन त्याच्या मापाने बोअर मारायला सांगा. पाव-पाव मिलिमीटरने मोठे पिस्टन येतात. लहानात लहान मापात काम भागतंय का ते विचारा, म्हणजे गाडीचं पुढचं आयुष्य शिल्लक राहतं. नख अडकत नसेल तर रिंगाच बदला. नवी रिंग एकटी बोअरमध्ये सारून तिच्या दोन टोकांमधलं अंतर फिलर गेजने मोजा. परत बसवताना रिंगेची फट पिस्टनवरच्या छोट्या पिनेवर आली पाहिजे आणि पिस्टनवरचा बाण पुढे, सायलेन्सरच्या बाजूला. पोर्टमधली काजळी लोखंडी पात्याने खरवडू नका, बांबूची चपटी काडी करा.

कनेक्टिंग रॉड वर-खाली हलवून बघा. बाजूला डोललेला चालतो. वर-खाली जराही ‘टक्’ लागला की क्रँकची बेअरिंग गेली. तेवढं एक काम घरी करू नका. हा क्रँक दाबून जोडलेला असतो. तो प्रेसवर सुटतो आणि परत जोडल्यावर डायल गेजवर सरळ करावा लागतो. ज्याच्याकडे दोन्ही आहे अशाच माणसाकडे द्या.

ऑइल सीलकडे मी सगळ्यात जास्त लक्ष द्यायला सांगेन. क्रँकच्या दोन टोकांना दोन रबरी सील असतात. डावं, क्लचच्या बाजूचं गेलं तर इंजिन गिअरबॉक्समधलं ऑइल ओढून जाळतं. पांढरा धूर थांबत नाही आणि गिअर ऑइल गुपचूप कमी होत जातं. उजवं, डायनामोमागचं गेलं तर हवा आत शिरते आणि माझ्या मामांच्या गाडीसारखं होतं. धूर तरी दिसतो, ही हवा दिसत नाही. गाडी जरा जास्तच हलकी, तेज पळते, एक्सलरेटर सोडला तरी लगेच उतरत नाही, आणि माणूस खूश होतो. पुढच्या घाटात पिस्टन धरतो. नऊ वर्षांपूर्वीचं, त्याआधी किती वर्षांचं होतं कोण जाणे, असं रबर ‘बरं दिसतंय’ म्हणून ठेवू नका. दोन्ही बदला. उजवं डायनामो काढला की हाती येतं. डाव्यासाठी प्रायमरी चेन आणि क्लच काढावा लागतो. तिथे पुलरच वापरा, हातोडा नको.

सील बसवल्यावर इंजिन हवाबंद झालं की नाही हे तपासायची एक पद्धत तुम्हाला आवडेल, कारण ती पंक्चर शोधण्याचीच आहे. सायकलच्या ट्यूबचे तुकडे आणि लोखंडी पट्ट्या लावून सायलेन्सरची दोन्ही तोंडं बंद करा. कार्बोरेटरच्या तोंडात रबरी बूच बसवा आणि त्यातून एक नळी आत घ्या. नळीला घरातलं काट्याचं जुनं बीपीचं यंत्र जोडा. फुगा दाबत काटा २५० पर्यंत न्या, वर नको. काटा पाच-सहा मिनिटं तिथेच थांबला तर सील आणि पॅकिंग चांगली बसली. उतरायला लागला तर साबणाचं पाणी लावून बुडबुडा शोधा. हे एवढं केलं असतं तर मामांची गाडी वाचली असती.

क्लच काढलाच आहे तर त्याच्या प्लेटा बघून घ्या. या गाड्यांत कॉर्कच्या प्लेटा असतात. कोरड्या राहिल्या की त्या लोखंडी प्लेटांना चिकटतात. हळू सोडवा, डिझेलने पुसा, आणि रात्रभर ताज्या गिअर ऑइलमध्ये बुडवून मग बसवा. गिअर आणि क्लच एकाच ऑइलमध्ये फिरतात, म्हणून कारचं ऑइल घालू नका. त्यात घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात आणि क्लच घसरतो. मोटरसायकलचं २०-डब्ल्यू-४० घाला.

पेट्रोलची टाकी उघडून आत टॉर्च मारा. गंज असेल तर सायट्रिक अॅसिड, म्हणजे किराणा दुकानातली लिंबाची फुलं, गरम पाण्यात लिटरला शंभर ग्रॅमच्या हिशोबाने घाला, टाकी भरा, एक दिवस ठेवा. ओतून द्या, खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, लगेच उन्हात वाळवा आणि आत पेट्रोल-ऑइलचं मिश्रण फिरवून घ्या. ओली टाकी तासाभरात परत लालसर होते, त्यामुळे हे काम कडक उन्हाच्या दिवशीच. टाकीला भोक सापडलं तर वेल्डिंगवाल्याला टाकी पेट्रोलची आहे हे आधी स्पष्ट सांगा. रिकाम्या टाकीत वाफ असते आणि ती फुटते. असल्या अपघातांत माणसं गेली आहेत.

वडील वापरायचे ते पेट्रोल आता राहिलेलं नाही. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल असलेलं मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, जुन्या नळ्यांचं आणि कॉकच्या (टाकीखालच्या पेट्रोलच्या चावीच्या) पॅकिंगचं रबर फुगवतं, आणि मिश्रण थोडं हलकं करतं, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. टू-स्ट्रोकला ते मानवत नाही. नळी आणि कॉकची पॅकिंगं इथेनॉलला टिकणारी घ्या, गाडी पंधरा दिवसांपेक्षा जास्त उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करा. नव्या प्लगचा रंग बघत राहा. दुधाच्या चहाचा रंग हवा. पांढरट दिसला तर मेन जेट एक नंबर मोठा घाला. टूटी ऑइलचं माप चार टक्के, म्हणजे पाच लिटरला २०० मिलिलिटर. आजची ऑइलं चांगली आहेत, कमी चालतं, असं पुष्कळ जण सांगतील. नव्या रिंगांवर तरी मी ते ऐकणार नाही.

कार्बोरेटर जिकोव्ह कंपनीचा असेल. तो खोलायला अर्धा तास लागतो. जेटमध्ये तार किंवा टाचणी घालू नका, भोक मोठं होतं. सायकलच्या पंपाने हवा मारा, फार तर मासेमारीच्या नायलॉनच्या दोऱ्याने साफ करा. फ्लोट, म्हणजे आतला तरंगणारा पोकळ भाग, कानाशी धरून हलवा. आत पेट्रोल खळखळलं तर तो फुटलाय.

विजेचा भाग सहा व्होल्टचा आहे आणि ठिणगीसाठी बॅटरी लागतेच. बॅटरी मेलेली असताना लोक प्लगवर प्लग बदलत राहतात. पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी वीज तोडणारी-जोडणारी दोन टोकं, बारीक पॉलिश पेपरने घासा, मग कोरा पोस्टकार्डचा तुकडा मधून ओढा म्हणजे कण निघतात. पूर्ण उघडल्यावर फट ०.४ मिलिमीटर. कंडेन्सर नवा टाका. ‘बारा व्होल्ट करून घ्या’ हा सल्ला मिळेल. रात्री हायवेवर जायचं असेल तर त्यात तथ्य आहे, पण आत्ता नको. जुनी गाडी आणि नवी वायरिंग एकाच वेळी हातात घेतली की बिघाड कुठला आहे तेच कळत नाही.

ब्रेक उघडताना ड्रममधली धूळ फुंकू नका, हवेनेही उडवू नका. त्या काळच्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असतं. ओल्या फडक्याने पुसून फडकं पिशवीत बांधून टाका. टायर-ट्यूब कितीही नक्षी शिल्लक असली तरी नवे घ्या.

रंग आणि क्रोमबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, मेस्त्रींनी सुचवलं म्हणून सांगतो. करू नका. टाकीवर वडिलांच्या गुडघ्यांनी घासून पातळ झालेला भाग असेल, तो नव्या रंगात परत येणार नाही. साबणाच्या कोमट पाण्याने धुवा, गंजावर पितळी ब्रश आणि ऑइल, वरून मेण. जिथे पत्रा खरोखर खाल्ला जातोय तेवढंच प्रायमर मारून थांबवा. वर्षभर चालवून मग वाटलं तर रंगवा. रंगाचं काम दहा वर्षांनीही करता येतं.

दोन महिन्यांचं विचाराल तर पिस्टन लवकर सुटला आणि बोअर चांगला निघाला तर होईल. क्रँक गेला असेल तर होणार नाही. तसं झालं तर श्राद्धाच्या दिवशी गाडी धुऊन, पुसून, नव्या टायरवर अंगणात उभी करा आणि बंदच ठेवा. घाईने चालू करून दाखवायची आणि पुढच्या महिन्यात लेथवाल्याकडे न्यायची, हे त्यांच्या गाडीच्या बाबतीत होऊ देऊ नका. भंगारवाल्याला एकदा ठाम नाही सांगा, म्हणजे त्याची चक्कर थांबेल आणि घरातलाही विषय मिटेल.

या रविवारी मात्र एवढंच करा. गिअरबॉक्सच्या खालचा बोल्ट सोडा, ऑइल एका स्वच्छ काचेच्या बरणीत धरा आणि रात्रभर हलवू नका. बोल्टला आतून लागलेला गाळ बोटांत चोळून बघा. मऊ काळा लगदा असेल तर काळजी नाही, चकचकीत कण किंवा दातांचे तुकडे असतील तर कागदात पुडी बांधून ठेवा. सकाळी बरणीत ऑइल दुधाळ दिसतंय का, तळाशी पाण्याचा थर आहे का, पेट्रोलचा वास येतो का, आणि एकूण किती निघालं हे मोजून लिहून कळवा. लिटरभराच्या जवळ असायला हवं. फारच कमी निघालं आणि खाली जमिनीवर ऑइलचा डाग नसेल, तर डावं सील वडिलांच्या हातात गाडी होती तेव्हाच गेलं असावं, आणि आपण क्लचच्या बाजूने सुरुवात करू.